पाठीचं माप

आमच्या घरातली सर्वांत टिकाऊ वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी वायरच्या पिशवीकडे बोट दाखवीन. हिरव्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या वायरची ही चौकड्यांची पिशवी माझ्या सासूबाईंनी १९८६ मध्ये विणली. एका मुठीवरची नळी तेवढी गेली आहे, बाकी पिशवी ठणठणीत. त्याच काळात माझ्या पाठीवर पाच सॅक कामी आल्या. पहिली कॅनव्हासची हॅवरसॅक, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलेली. ती भिजली की मलाच पाठीवर घेतल्यासारखी जड व्हायची. दोन पावसाळ्यांत तिला बुरशी आली. दुसरीची चेन गेली. तिसरीचा पट्टा लोहगडाच्या पायऱ्यांवर तुटला. चौथी आणि पाचवी तर माळ्यावर ठेवल्या-ठेवल्याच गेल्या. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

तेव्हा निवृत्तीनंतर मी जाहीर केलं, की आता सॅक विकत घ्यायची नाही, आपल्याला हवी तशी शिवून घ्यायची. घरात कुणी फारसं दचकलं नाही. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाच्या घरात अशा घोषणांची सवय असते. मी शंभर पानी वही घातली, पहिल्या पानावर 'कुटुंबाची सॅक' असं लिहिलं आणि खाली 'टिकाऊ' या शब्दाला दोनदा अधोरेखित केलं. टिकाऊ म्हणजे जाड कापड, जाड दोरा, जाड पट्टा, अशी माझी समजूत होती. तीही तशी जाडच म्हणायची.

२०२३ च्या दिवाळीत लेक-जावई आले होते, सोबत नऊ वर्षांची नात. दुपारी सगळे लवंडलेले असताना तिने जुने अल्बम बाहेर काढले. 'राजगड, जानेवारी १९९२' या पानावर ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, आजीच्या हातात सगळीकडे पिशवीच का आहे?"

मी चष्मा लावून पाहिलं. चोरदरवाजाखालच्या खड्या चढावर हिचा एक हात खडकावर, दुसऱ्या हातात वायरची पिशवी. पद्मावती तलावाच्या काठावर पिशवी. परतताना गुंजवण्यात एसटीची वाट पाहताना पिशवी. प्रत्येक फोटोत हिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आलेला. फोटो सगळे मी काढलेले. म्हणजे माझे दोन्ही हात मोकळे होते.

माझ्याकडे त्या काळच्या भटकंतीच्या डायऱ्या आहेत. एसटीचं भाडं, चहा, पोहे, सगळं पै-पैशानिशी. १९९२ ची डायरी काढली. तिच्यात सामानाची नोंद अशी: 'मी: चादरी २, स्वेटर ३, बॅटरी, दोर, औषधं, कॅमेरा. ही: स्वयंपाकाचं.'

एवढंच. तेव्हा पद्मावती देवीच्या देवळात मुक्काम करायचा, तीन दगडांची चूल मांडायची आणि खिचडी रटरटायला लागली की शिवरायांच्या गोष्टी सांगायच्या, असा आमचा शिरस्ता होता. गोष्टी मी सांगायचो.

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला 'स्वयंपाकाचं' अशी मोघम नोंद चालत नाही. दुसऱ्या दिवशी मी विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा काढला, तीच वायरची पिशवी घेतली आणि हिला विचारून-विचारून ती त्या वेळच्यासारखी भरली. तांदूळ दीड किलो, मुगाची डाळ अर्धा, कांदे-बटाटे दोन, तेल-तिखट-मीठ मिळून पाऊण, पातेलं-झाकणी-डाव दीड, पोळ्यांचा डबा सव्वा. बेरीज साडेसात किलो. हिचं वजन तेव्हा अठ्ठेचाळीस होतं, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या वर ओझं आणि तेही एका हातात. माझ्या पाठीवरचं सामान याच पद्धतीने मोजलं, तर सहा किलो भरलं. माझं वजन बासष्ट. दहा टक्केसुद्धा नाही, आणि तेही दोन खांद्यांवर वाटलेलं.

मी आकडे घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ही मेथी निवडत होती. म्हणाली, "जड होतीच की. चोरदरवाजाखाली सांगितलं होतं मी तुम्हाला. तुम्ही म्हणालात, आता थोडंच राहिलंय."

मला हे आठवत नाही. तिला आठवतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. २०१७ पासून ही डोंगरावर येणं बंद झाली होती. २०१६ मध्ये रायरेश्वरला जायचं ठरलं तेव्हा लेकीने कौतुकाने हिच्यासाठी चांगल्यापैकी महाग सॅक आणली होती, कमरपट्ट्याची वगैरे. शिडी चढून ही पठारावर आली, हसत फोटोही काढून घेतला. पण नंतर पंधरा दिवस मान धरली. पुढच्या वर्षी "तुम्ही जा, मी घरी थांबते" सुरू झालं. आम्ही सगळ्यांनी ते वयाच्या खात्यावर टाकलं. बँकेत ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. घरात त्या खात्याचं नाव वय.

ती महागाची सॅक मी माळ्यावरून काढली आणि हिला पाठीवर चढवायला सांगितली. कमरपट्टा कमरेवर नव्हताच, मांड्यांच्या वरच्या भागाशी लोंबत होता. खांद्यांचे पट्टे मात्र ताणून मानेत रुतलेले. म्हणजे एवढी कमरपट्ट्याची सॅक, पण सगळा भार खांद्यांवर.

सॅकचा हिशेब सरळ आहे. भार खांद्यांनी नव्हे, कमरेने उचलायचा. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला हाडाचा जो कंगोरा लागतो त्याच्यावर पट्टा घट्ट बसला, की वजन तिथून थेट पायांत उतरतं. खांद्यांचे पट्टे सॅक मागे कलंडू नये एवढ्यापुरते. पण त्यासाठी खांद्यापासून कंगोऱ्यापर्यंतचं सॅकचं अंतर आणि माणसाचं अंतर एकच हवं. ते मोजायची रीत अशी: मान खाली घातली, की मानेच्या तळाशी हाडाचा एक उंचवटा वर येतो. तिथे टेपचं टोक धरायचं. मग कंगोऱ्यांवर हात ठेवायचे, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीवर कल्पायची आणि तिथवर टेप आणायची. उंचीचा याच्याशी फारसा संबंध नाही. उंच माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात.

नातीने आजीची पाठ मोजली. पंधरा इंच. सॅकची पाठ साडेअठरा. साडेतीन इंचांसाठी सात वर्षं घरी बसावं लागलं होतं.

मी वही उघडली आणि 'कुटुंबाची सॅक' हे शीर्षक खोडलं. कुटुंबाला पाठ नसते.

या विषयावर मग जे मिळेल ते वाचत सुटलो. रकसॅक हा शब्द जर्मन, त्याचा अर्थ सरळ पाठीची पिशवी. नॉर्वेच्या ओले बर्गन यांनी पाठीच्या आकाराला वाकवलेल्या चौकटीच्या सॅकचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं. तोवर पिशवी पाठीवर नुसती गोळा होऊन लोंबायची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डिक केल्टींनी १९५२ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली, आणि कमरेवर भार घ्यायची कल्पना त्यांच्यामुळे सर्वदूर गेली. चौकटी ते स्वतः बनवायचे, पिशव्या त्यांच्या पत्नी नीना घरी शिवायच्या. हे मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "बरं केलं तिने."

आता शिवायचं कुठे? कपड्यांच्या शिंप्याचं मशीन या कामाला पुरत नाही, चार पदर आले की सुई मोडते. आमच्या भागात रिक्षाची हुडं आणि सीटा शिवणारे एक मास्तर आहेत. वय माझ्याएवढंच. त्यांच्याकडचं मशीन रेक्झिन, कॅनव्हास, नवार असं काहीही भसाभसा शिवतं. माझी वही त्यांनी पालथी घातली आणि 'जाड कापड'वर बोट ठेवलं. "साहेब, कापड कधी फाटत नाही. शिवण फाटते."

पुढचे दोन महिने मी त्यांच्या टपरीत जे शिकलो, ते कुठल्या माहितीपत्रकात सापडलं नसतं. माझा आग्रह होता, टाके जवळ-जवळ घाला, म्हणजे मजबूत. मास्तरांनी खिशातून एक कागद काढला, त्यावर बिनदोऱ्याची सुई दाट चालवली आणि टराटरा फाडून दाखवला. पोस्टाच्या तिकिटासारखा. प्रत्येक टाका म्हणजे कापडाला पाडलेलं भोक. जड कापडाला इंचाला सहा-सात टाके पुष्कळ. दोरा सुती नको, तो आपल्या पावसात कुजतो. पॉलिएस्टरचा घ्यायचा. पट्टा सॅकवर नुसता ठेवून शिवायचा नाही. आधी त्याला कापडाच्या तिकोनी तुकड्यात अडकवायचं आणि तो तिकोन मुख्य शिवणीत, दोन पदरांच्या मध्ये घालायचा, म्हणजे ओढ एका टाक्यावर न येता पूर्ण शिवणीवर पसरते. वरून चौकोन आणि त्यात फुली. लोहगडावर तुटलेल्या तिसऱ्या सॅकचं प्रेत मी त्यांना नेऊन दाखवलं. पट्टा शाबूत होता, कापडही. तुटली होती ती एक इंचभर शिवण.

कापडासाठी बोहरी आळी पालथी घातली. दुकानदार 'हजार डेनिअर, पाचशे डेनिअर' म्हणत होते. डेनिअर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. हजार डेनिअर म्हणजे तेवढा धागा एक किलो भरतो. हा शब्द मुळात एका जुन्या फ्रेंच नाण्याचा. आपल्या कानावरचा दिनार आणि तो, दोघेही रोमन दिनारिअसचे वंशज. कापडाचा जाडेपणा नाण्याच्या नावाने मोजतात हे कळल्यावर माझ्यातला बँकवाला जो खूश झाला, तो तडक हजार डेनिअर नायलॉन घेऊनच निघाला. मास्तरांनी त्यातलं निम्मं परत पाठवलं. हजाराचं कापड फक्त तळाला आणि पाठीला, कारण सॅक आपण दगडावर टेकवतो ती तिथे. बाकी अंगाला पाचशेचं पुरे. सगळीकडे हजाराचं लावलं असतं, तर रिकामी सॅकच आणखी जड झाली असती, आणि ते वजन पंधरा इंची पाठीनेच वाहायचं होतं.

माळ्यावर गेलेल्या दोन सॅकांचं रहस्यही इथेच उलगडलं. आतलं अस्तर चिकट होऊन पापुद्रे सुटले होते, आंबूस वास येत होता. मी उगाच झुरळांवर संशय घेतला होता. पाणी आत येऊ नये म्हणून नायलॉनला आतून पॉलियुरेथेनचा थर देतात. दमट हवेत तो थर काही वर्षांनी आपोआप विघटित होतो, वापरा किंवा न वापरा. आपल्याकडचा पावसाळा पाहता त्या थरावर विसंबायचं कशाला? आम्ही ठरवलं, बाहेरचं कापड ओलं झालं तर होऊ दे. आत जाड प्लास्टिकची एक मोठी सुटी पिशवी, तोंड पिळून दुमडायची. फाटली की बदलायची.

बदलता येणं, हा शब्द मग वहीत वारंवार येऊ लागला. चेन मुख्य तोंडाला नकोच. आपल्या डोंगरातली माती तिच्या दातांत बसते, आणि आधी जातो तो तिचा सरकता तुकडा. पकडीने दाबून चार दिवस चालतो, मग नाही. त्यापेक्षा तोंडाला नाडी आणि वर झापड. प्लास्टिकची बकलं पायाखाली येऊन फुटायचीच, म्हणून ती शिवून टाकायची नाहीत. पट्टा त्यांच्यातून ओवून घ्यायचा, म्हणजे बदलायला शिवण उसवावी लागत नाही. पाठीत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन चपट्या पट्ट्या, हिच्या पाठीच्या वळणाला हाताने वाकवलेल्या, खिशात घातल्यासारख्या. काढता येतात.

जानेवारीत पहिली सॅक तयार झाली. दिसायला देखणी. पाच किलो कणीक भरून हनुमान टेकडीवर चाचणी. वर पोचल्यावर ही म्हणाली, "खांद्यावरचं गेलं. पण पोटात रुततंय." चूक माझी आणि मास्तरांची निम्मी-निम्मी. कमरपट्ट्यात त्यांनी रिक्षाच्या सीटचा मऊ फोम घातला होता, तो भाराखाली चेपून पट्ट्याची दोरी झाली होती. शिवाय असला फोम घाम आणि पाणी स्पंजासारखा पितो. चपलांचं सामान विकणाऱ्याकडून तळव्यांचा ईव्हीए आणला. तो चेपत नाही आणि पाणीही धरत नाही. खांद्यांचे पट्टेही सरळ होते, ते हिला काखेत काचत होते. बाजारातले बहुतेक पट्टे रुंद खांद्यांचा पुरुष डोळ्यांपुढे ठेवूनच बेततात की काय, कोण जाणे. आम्ही ते एकमेकांच्या जवळ आणले आणि इंग्रजी एस अक्षरासारखे वळवले. हे वळण कागदावर कापताना मास्तरांनी चार वर्तमानपत्रं संपवली.

दुसऱ्या चाचणीला ही काही बोललीच नाही. टेकडीवरून सरळ भाजी आणायला गेली, सॅक पाठीवर ठेवूनच.

खर्चाचं विचाराल तर सामान आणि शिलाई मिळून एकोणतीसशे रुपये, आणि वाया गेलेल्या पहिल्या फेरीचे बाराशे वेगळे. बाजारातल्या बऱ्यापैकी सॅकपेक्षा हे स्वस्त नाही. स्वस्तात पडतं म्हणून कुणी शिवून घेऊ नये. दुकानात टेप घेऊन जावं आणि आपल्या पाठीच्या मापाची मिळाली तर खुशाल विकत घ्यावी. बारीक चणीच्या बाईला ती मिळणं अवघड, एवढंच.

नात हटून बसली, मला पण. शाळकरी मुलांच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात म्हटलं आहे. तोच नियम डोंगरावर लावला. ती सव्वीस किलोची, म्हणजे अडीच किलोच्या आत. तिची पाठ बारा इंच भरली. पण मूल वाढणार, दरवर्षी सॅक कुठून शिवायची? मास्तरांनी युक्ती काढली. पाठीवर एकेका इंचावर नवारीची चार घरं शिवली, खांद्याचे पट्टे हव्या त्या घरात ओवायचे. बारा, तेरा, चौदा, पंधरा. शेवटच्या घरात आजीचं माप येतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही पाच जण राजगडाला गेलो. या वेळी पाली दरवाजाच्या वाटेने, सकाळी चढून संध्याकाळी उतरायचं. आदल्या रात्री दिवाणखान्यात सगळं सामान मांडलं आणि हातकाट्यावर तोलून वाटलं. पाणी सगळ्यांत जड, माणशी दोन लिटर म्हणजे दहा किलो तेच. जावयाला आठ किलो, लेकीला सहा, मला पाच, हिला साडेचार, नातीला दोन. वहीत नाव आणि आकडा, 'स्वयंपाकाचं' कुठे नाही. जड वस्तू पाठीला लागून मधोमध, हलक्या तळाला, लागणाऱ्या वर.

वाटेत ही दोनदा थांबली, ते श्वास घ्यायला. मी चारदा थांबलो. पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्यांवर ही माझ्यापुढे वीसेक पायऱ्या होती आणि दोन्ही हात मोकळे असल्यामुळे नातीला दरीतलं काहीतरी बोट करून दाखवत होती. मला वर पोचायला जरा वेळ लागला.

पद्मावती माचीवर सावली बघून डबे सोडले. पोळ्या, बटाट्याची भाजी, लसणीची चटणी. जेवण झाल्यावर हिने आपल्या सॅकच्या बाजूच्या खिशातून एक घडी काढली. तो खिसा तिने मास्तरांना परस्पर सांगून शिवून घेतला होता. माझ्या वहीतल्या नकाशात तो नव्हता. घडी उलगडली, तर वायरची पिशवी. रिकामे डबे, सालं आणि आजूबाजूला लोकांनी टाकलेल्या सात-आठ प्लास्टिकच्या बाटल्या तिच्यात भरून झाल्या. मग तिने ती माझ्यापुढे धरली.

"ही तुम्ही घ्या. थोडंच तर राहिलंय आता."

पालीपर्यंत ती मी धरून आणली. नळी गेलेली मूठ हाताला चांगलीच काचते.